नऊ मापं आणि एक शेरा

दूध बाजाराच्या मागच्या गल्लीतलं अब्बांचं शिलाईचं दुकान आम्ही रिकामं केलं, तेव्हा पायमशीन त्यांच्या जुन्या कारागिराने नेलं, कोळशाची इस्तरी भंगारात गेली आणि मापांच्या वह्या माझ्याकडे आल्या. घरात त्या कुणाला नको होत्या, पण टाकवतही नव्हत्या. लांबट, लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव उर्दूत, पुढे आकडे: उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, मनगट, कॉलर. शर्टाला सात मापं. या सात आकड्यांवर अब्बांनी चाळीस वर्षं जुन्या नाशकाचे शर्ट शिवले.

वह्या चाळताना एका पानावर थांबलो. तिथे सातऐवजी नऊ आकडे होते, त्यातले तीन खोडून पुन्हा लिहिलेले. खाली एकच शब्द होता: ‘अंगावर’. हे पान कुणाचं, ते नाव वाचायच्या आधीच मला कळलं. पण त्या पानापर्यंत यायचं तर थोडं मागून सांगावं लागेल.

मी गणिताचा मास्तर. नाशकातच एका ज्युनियर कॉलेजात शिकवतो. नव्वदच्या दशकात एमएस्सी करत होतो, तेव्हा रात्री दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर अभ्यास करायचो, कारण घरात दोन खोल्या आणि सात माणसं. एकदा काज करता करता अब्बांनी विचारलं, “इतना क्या पढता है? आखिर है क्या ये?” समोर बालमोहन लिमयांचं ‘फंक्शनल अ‍ॅनालिसिस’ उघडं होतं. लिमये मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक; आमच्यासारख्या कितीतरी मुलांनी हा विषय त्यांच्याच पुस्तकातून गिरवला. मी म्हणालो, “हिसाब का है, अब्बा.” त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काजात लक्ष घातलं.

ते अगदी खोटं नव्हतं, पण टाळाटाळ होती. त्यांना समजणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आज त्याचीच लाज वाटते. कारण त्या रात्री मी जे वाचत होतो, ते आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात सर्वांत आधी कुणाला कळलं असतं, तर अब्बांनाच.

विषय असा आहे. शाळेच्या भूमितीत एखादा बिंदू दोन किंवा तीन आकड्यांनी सांगता येतो. पण काही गोष्टींना मोजके आकडे पुरत नाहीत. नाशकाचं एका दिवसाचं तापमान घ्या: मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत क्षणाक्षणाला एक आकडा. हा पूर्ण आलेख म्हणजेच एक बिंदू, असं मानलं तर सगळे आलेख मिळून एक अवकाश तयार होतो. त्यात दोन आलेखांची बेरीज होते, एखाद्याची दुप्पट होते, दोघांतलं अंतर मोजता येतं. आणि आलेखांची एखादी रांग आपसात जवळ जवळ येत गेली, तर ती ज्या आलेखाशी जाऊन टेकते, तोही त्याच अवकाशात सापडतो. अशा अवकाशांना पोलिश गणिती स्तेफान बानाखच्या नावाने बानाख अवकाश म्हणतात. १९३२ साली आलेलं त्याचं पुस्तक हा या विषयाचा पाया.

यापुढचा प्रश्न शिंप्याचा आहे. माणसाच्या अंगाला वळणं असंख्य, पण शिंपी मापं घेतो सात. मग सूत्र लावतो. पुढच्या पाट्याची रुंदी म्हणजे छातीचा चौथा भाग, अधिक सैलपणासाठी दीड इंच. मुंढ्याचा हिशेब वेगळा, उताराचा वेगळा. मोजकी मापं, प्रत्येक मापाच्या पटीत ठरलेला एकेक तुकडा, आणि तुकड्यांची जोडणी. गणितात याला ‘फायनाइट रँक ऑपरेटर’ म्हणतात: मोजक्या मापांवर चालणारी क्रिया. तिची अट एकच, ती प्रमाणात चालली पाहिजे. माप दुप्पट तर तुकडा दुप्पट, आणि दोन गोष्टींची बेरीज केली तर त्यांच्या उत्तरांचीही बेरीज. (शिंप्याचा तो वरचा दीड इंच गणितात धरत नाहीत.)

आता एका शर्टाऐवजी सगळ्या गिऱ्हाइकांचा विचार करा. गिऱ्हाइकं अगणित असली तरी चालतील, पण जमाव आटोपशीर हवा. म्हणजे चुकीची जी मुभा ठरवाल, एक इंच, पाव इंच किंवा सुताएवढी, तिच्यासाठी मोजकी नमुना-माणसं निवडता आली पाहिजेत. प्रत्येक गिऱ्हाईक कुठल्या ना कुठल्या नमुन्याशी तेवढ्या अंतरात जुळलं पाहिजे. अशा जमावाला कॉम्पॅक्ट म्हणतात. प्रश्न असा: प्रत्येक कॉम्पॅक्ट जमावासाठी, कितीही बारीक मुभा ठरवली तरी, मोजक्या मापांचं एकच सूत्र सगळ्यांना त्या मुभेत बसवेल का? ज्या अवकाशात असं सूत्र नेहमी सापडतं, त्याला ‘अप्रॉक्सिमेशन प्रॉपर्टी’ आहे, असं म्हणतात. जवळ पोचण्याचा गुण, असं मी वर्गात म्हणतो.

कुणी विचारेल, नमुना-माणसं मोजकीच आहेत ना? मग तेवढे साइज शिवून ठेवा आणि येईल त्याला जवळचा साइज द्या. बरोबर आहे. यूलिउश शाउडर या गणितीने जवळपास हीच युक्ती वापरली होती आणि ती कुठल्याही बानाख अवकाशात चालते. पण तिथे जवळचं निवडायचं असतं, प्रमाणात बेतायचं नसतं; बेरजेचा आणि पटीचा नियम तिथे मोडतो. अब्बांचं दुकान ज्या रेडिमेडने बसवलं, ते गणितात नेहमीच जमतं. अब्बांची रीत नेहमी जमते का, हाच खरा प्रश्न होता.

याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे ‘ऑपरेटर आयडियल’. अब्बा सात मापं चिठ्ठीवर लिहून कारागिराला द्यायचे. कारागीर कितीही उस्ताद असला, तरी त्याच्यापाशी सातच मापं. उलट, गिऱ्हाइकाने मापाआधी काहीही केलं, स्वेटर घातला की उतरवला, तरी चिठ्ठीवर आकडे सातच येणार. म्हणजे साखळीत एक क्रिया मोजक्या मापांची असली, की तिच्या आधी-नंतर काहीही जोडा, सगळी साखळी मोजक्या मापांचीच राहते. अशा दोन क्रियांची बेरीज केली तरी मापं फार तर चौदा. हे दोन्ही गुण असलेल्या क्रियांच्या कुळाला आयडियल म्हणतात. असंच एक मोठं कूळ म्हणजे कॉम्पॅक्ट क्रिया: मर्यादेत पसरलेल्या कुठल्याही जमावाला आटोपशीर करून टाकणाऱ्या. अलेक्झांडर ग्रोथेन्डिकने १९५५ च्या प्रबंधात दाखवलं की वरचा प्रश्न या भाषेतही मांडता येतो: त्या अवकाशात येऊन पोचणारी प्रत्येक कॉम्पॅक्ट क्रिया मोजक्या मापांच्या क्रियांनी हवी तितकी जवळून गाठता येते का? पुढे पूर्व जर्मनीतल्या येना शहरात आल्ब्रेख्ट पीच यांनी या कुळांवर अख्खा ग्रंथ लिहिला, १९७८ मध्ये. लिमयांच्या संशोधनाची वाटही जवळचीच: अवजड क्रियेच्या जागी मोजक्या मापांची क्रिया ठेवायची, तिच्यावरून मूळ क्रियेचे आकडे काढायचे, आणि चूक किती होईल याचा हिशेबही सोबत द्यायचा.

हा प्रश्न सुरू झाला तो ल्वूफ शहरात. ते तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे. तिथल्या स्कॉटिश कॅफेत बानाख, मझूर, उलाम ही मंडळी तासन्‌तास बसायची आणि टेबलाच्या संगमरवरावर पेन्सिलीने गणितं मांडायची. पुसली जातात म्हणून बानाखच्या बायकोने एक जाड वही आणून दिली. त्या वहीत, ६ नोव्हेंबर १९३६ रोजी, स्तानिस्वाव मझूरने १५३ क्रमांकाचा प्रश्न लिहिला आणि सोडवणाऱ्याला बक्षीस लावलं एक जिवंत गूस, म्हणजे आपल्या बदकाचा मोठा भाऊ. तो प्रश्न आणि आपला वरचा प्रश्न आतून एकच, हेही ग्रोथेन्डिकनेच दाखवलं.

मझूरचा जन्म १ जानेवारी १९०५ चा. त्याच महिन्याच्या १७ तारखेला डहाणूला द. रा. कापरेकर जन्मले, आमच्या देवळालीचे शाळामास्तर. नाशकात गणित म्हटलं की आम्ही मुलांना कापरेकरांचा ६१७४ दाखवतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा. आलेल्या संख्येवर तेच करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथून पुढे हलत नाही. फार तर सात पायऱ्यांत कुठलीही संख्या तिथे पोचते. विश्वास नसेल तर सगळ्या ८,९९१ संख्या तपासून बघा. वेळ लागेल, पण काम संपेल.

मझूरच्या प्रश्नात हीच सोय नव्हती. तेव्हा माहीत असलेल्या ज्या ज्या अवकाशाचा निकाल लागायचा, त्यात जवळ पोचण्याचा गुण सापडायचा. एक झालं, दुसरं झालं, दहावं झालं. पण अवकाश अगणित, आणि उदाहरणांची यादी कितीही लांबली तरी तिचा दाखला होत नाही. ‘आजवर पाहिलेले सगळे असेच निघाले’ एवढं म्हणून ८,९९१ संख्यांचा निकाल लावता येतो, अगणितांचा नाही. माझ्यासारखं नाव असलेल्या माणसाला हे गणिताबाहेरही रोज कळतं. पण तो विषय या जागेवर पुष्कळ वेळा झाला आहे. आज गणिताला गणितच राहू देतो.

मग युद्ध आलं. १९४१ मध्ये ल्वूफ जर्मनांच्या हाती गेलं. शाउडर ज्यू होता; १९४३ मध्ये नाझींनी त्याला मारलं. बानाख तगला तो टायफसची लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेत स्वतःच्या अंगावर उवा पोसून, आणि युद्ध संपल्यावर, ऑगस्ट १९४५ मध्ये, कर्करोगाने गेला. वही मात्र त्याच्या बायकोने जपली होती. १९७२ मध्ये स्वीडनच्या पेर एनफ्लोने उत्तर दिलं. प्रश्न वहीत लिहिला गेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. उत्तर होतं: नाही. त्याने एक अवकाश रचून दाखवला. तिथे एक आटोपशीर जमाव आहे, नमुना-माणसं मोजकी आहेत, रेडिमेड चालतं. पण मोजक्या मापांचं कुठलंही सूत्र, सात सोडा, सात लाख मापांचं घेतलं तरी, ठरलेल्या मुभेत सगळ्यांना बसत नाही. वॉर्सामध्ये वयस्क मझूरने ती गूस त्याला दिली. हा काही मुद्दाम घडवलेल्या विचित्र अवकाशांचाच दोष, असंही म्हणायची सोय उरली नाही: १९८१ मध्ये शांकोव्स्की यांनी दाखवलं की हिल्बर्ट अवकाशावरच्या सगळ्या मर्यादित क्रियांचा अवकाश, जो विषयातल्या प्रत्येकाला रोज लागतो, त्यातही हा गुण नाही.

आपल्या शैक्षणिक मेळाव्यांत गणितावरचं भाषण अल-ख्वारिज्मीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. मीही अशी दोन-तीन भाषणं केली आहेत, टाळ्या घेतल्या आहेत. हल्ली त्याऐवजी समरकंदच्या जमशीद अल-काशीचं सांगतो. १४२४ मध्ये त्याने पायची किंमत दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत बरोबर काढली. पण मला त्या सोळा आकड्यांपेक्षा त्याची सुरुवात आवडते. त्याने आधी मुभा ठरवली: त्याला ठाऊक असलेल्या विश्वाएवढं वर्तुळ घेतलं, तरी परिघातली चूक घोड्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी हवी. मग त्यासाठी किती बाजूंची बहुभुजाकृती लागेल ते काढलं आणि कामाला बसला. ‘जवळपास’ या शब्दाला त्याने हमी जोडली. मझूरचा प्रश्न त्याच हमीबद्दलचा आहे: ती सगळीकडे मिळते का? अल-काशी आपला म्हणायचा असेल, तर त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी विचारलेला हा प्रश्नही आपला म्हणून वाचायला हवा.

मी स्वतः तो पुरता वाचला नाही. पीएचडीला नाव नोंदवलं, वर्षभर केलं, आणि काचबिंदूने अब्बांचा एक डोळा गेला तेव्हा नोकरी धरली. त्याची तक्रार नाही. पण एक सांगणं राहून गेलं होतं, ते फार उशिरा सांगितलं. दुकानात कारागीरच सगळं बघायचा तेव्हाची गोष्ट. अब्बा दुपारी नुसते जाऊन बसायचे. एका रविवारी मी त्यांना म्हटलं, “तेव्हा तुम्ही विचारलं होतं ना, काय शिकतोस, ते सांगतो.” आणि त्यांच्याच टेपने, त्यांच्याच सूत्राने सगळं सांगितलं. मापं, मुभा, मोहल्ला, गूस.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नहीं बैठता, इतना बोलने को कितने साल लगे?”

“छत्तीस.”

“मुझे तीन शर्ट लगे थे.”

तेव्हा त्यांनी टांगेवाल्या चाचांची गोष्ट सांगितली. चाचांचा खांदा टांगा उलटून मोडला होता, हाड वाकडं जुळलं होतं, त्यामुळे सगळं अंगच एका बाजूला कललेलं. ईदचा शर्ट. अब्बांनी नेहमीची सात मापं घेतली. शर्ट पाठीवर गोळा झाला. आठवं माप घेतलं, दुसरा शिवला. गळा मागे ओढला गेला. नववं घेतलं, जुनी तीन दुरुस्त केली, तिसरा शिवला, तोही बसेना. शेवटी त्यांनी कापड ढोबळ कापलं, चाचांना उभं केलं आणि त्यांच्या अंगावरच टाचण्या लावत, कच्चे टाके घालत शर्ट बेतला. तो बसला. आधीच्या तिन्हींचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

“पैशाचं काही नाही,” अब्बा म्हणाले. “पण मी तीनदा त्याला सांगितलं, पुढच्या खेपेला नक्की बसेल. तिसऱ्या वेळी तो मलाच समजवायला लागला, मास्तर, खोट माझ्या खांद्यात आहे, तुम्ही त्रास नका घेऊ. मापाने होणार नाही हे मला आधी माहीत असतं, तर पहिल्याच दिवशी अंगावर बेतलं असतं. त्याला असं बोलायची वेळ आली नसती.”

एनफ्लोच्या उत्तराचं मोल मला इतकं नेमकं कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. अब्बांना नवव्या मापानंतरही खात्री नव्हती की दहावं कामाला येणार नाही. ती खात्री पुराव्यानेच मिळते. आणि ती मिळाली की खोट कुणात नाही, हेही ठरतं. खांद्यात नाही, शिंप्याच्या हातात नाही; ती रीतच तिथे पोचत नाही.

गेल्या जूनमध्ये एक रिक्षाचालक बारावी झालेल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तिला गणितात बीएस्सी करायचं होतं, त्यांना ती फार्मसीला जावी असं वाटत होतं. “सर, या गणिताचा उपयोग काय, तुम्हीच सांगा.” मी मेळाव्यातलं उत्तर दिलं नाही. म्हटलं, नोकरीची हमी मी देत नाही; ज्याची हमी नाही ते नाही म्हणून सांगणं, हेही याच विषयात शिकवतात. ते हसले, पण घाईने उठले नाहीत. आम्ही खर्चाचं बोललो, शिष्यवृत्तीचं बोललो. तिने प्रवेश घेतला.

आता ती रविवारी अडलेली गणितं घेऊन येते. परवा तिला १५३ व्या प्रश्नाची गोष्ट सांगितली, अब्बांची वहीही दाखवली. गूसवर हसली. मग विचारलं, “सर, मोजक्या मापांनी होत नाही, तर मग त्या जमावाचं करायचं काय?”

हा प्रश्न विचारणारे लोक आजही आहेत. मोजक्या मापांच्या क्रिया पुरत नाहीत, तर त्यांच्या जागी आणखी मोठं कूळ घेऊन बघतात. कुठल्या अवकाशाला कुठलं कूळ पुरतं, हे शोधणं चालूच आहे. एवढं मी तिला सांगू शकलो. त्यापुढचं मला येत नाही, हेही सांगितलं, आणि लिमयांचं पुस्तक तिच्या हातात दिलं. त्याच्या पुठ्ठ्यावर शिंप्याच्या खडूचा एक निळा डाग अजून आहे.